घरातल्या घरात तोल जातो तेव्हा...

कळमेश्वर (प्रतिनिधी) : मे महिन्यातली रात्र. दिवसभर तापलेल्या भिंती अजून निवलेल्या नसतात. खिडकीत कूलर घरघरत असतो. त्याच्या टाकीतून झिरपलेल्या पाण्याचा ओघळ फरशीवर आलेला असतो आणि वायर पलंगाजवळून आडवी गेलेली असते. पंचाहत्तरीच्या आजी दोनच्या सुमारास लघवीला उठतात. मुलाची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाहीत. चष्मा उशाशीच राहतो. चार पावले, आणि मग धप्पकन आवाज.

सकाळी कुणी विचारलेच, तर 'काही नाही झालं, जराशी घसरली होती' असे उत्तर मिळते. बहुधा कुणी विचारत नाही आणि आजीही सांगत नाहीत.

कळमेश्वर हे नागपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. संत्र्याच्या बागा, औद्योगिक वसाहत आणि नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे स्थानक. येथील कितीतरी घरांत कर्ती पिढी सकाळी नागपूरची गाडी धरते किंवा पुण्या-बंगळुरात स्थिरावलेली असते. दिवसभर घरात उरतात ती म्हातारी माणसे. वर वर्णिलेली रात्र यांपैकी कोणत्याही घरात उगवू शकते. विदर्भातील इतर गावांची आणि नागपूर शहराचीही स्थिती याहून निराळी नाही.

घरात पडणे या गोष्टीकडे आपल्याकडे 'वय झाले की होणारच' अशा दृष्टीने पाहिले जाते. वैद्यकशास्त्राचा अनुभव मात्र वेगळा आहे. पडण्याला कारणे असतात, ती बहुतेक वेळा शोधता येतात आणि त्यांपैकी बरीच दूर करता येतात. शिवाय एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याचा धोका, कधीही न पडलेल्या व्यक्तीपेक्षा बराच अधिक असतो. म्हणजे हाड न मोडता झालेले पहिले पडणे ही पुढच्या अपघाताची आगाऊ सूचना असते. दुर्दैवाने, घरात दडवली जाते ती नेमकी हीच सूचना.

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींतील मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे, आणि त्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. वैद्यकीय उपचार घ्यावे लागतील इतके गंभीर पडणे वर्षाला ३ कोटी ७३ लाख वेळा घडते. याच संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी किमान एकदा पडतात; सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांवर जाते. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढील व्यक्तींची संख्या १० कोटींच्या वर होती. महाराष्ट्रात लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के. ही संख्या त्यानंतर वाढतच गेली आहे.

नोकरचाकर आणि दिमतीला डॉक्टर असलेली घरेही यातून सुटत नाहीत. माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी ऑगस्ट २०२० मध्ये दिल्लीतील निवासस्थानी न्हाणीघरात पडले. मेंदूतील रक्ताची गाठ काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि ३१ ऑगस्टला वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेलंगणचे मुख्यमंत्रिपद नुकतेच सोडलेले के. चंद्रशेखर राव डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या शेतावरील घरी पडले आणि त्यांच्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. राव त्या वेळी सत्तरीचेही नव्हते.

लपवण्याचे कारण

वृद्ध माणसे पडल्याचे का सांगत नाहीत, याचे उत्तर घरातल्यांच्या वागण्यात सापडते. आई पडली असे कळताच पहिला फोन होतो तो 'आता तू एकटी राहू नकोस, इकडे ये' असा. मग अंगणात जायचे नाही, देवळात जायचे नाही, जिना चढायचा नाही. स्वयंपाकघरही सुटते. पन्नास वर्षे जिने घर चालवले तिला पलंगावर बसवून हातात रिमोट दिला जातो. हे सारे मायेपोटीच होते. पण म्हातारीला त्याचा अर्थ नेमका कळतो : एक वेळ पडलो की घर सुटले. म्हणून ती गप्प राहते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या आजीने सुजलेले मनगट चार दिवस पदराखाली झाकले होते आणि पोळ्या दुसऱ्या हाताने लाटल्या होत्या. पोळ्या वेड्यावाकड्या का होत आहेत, हे घरात कुणाच्या लक्षात आले नाही.

या मायेचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. बसवून ठेवलेल्या माणसाच्या मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झपाट्याने कमी होतात. वृद्धांना तर अंथरुणावरचे आठ-दहा दिवसही भोवतात. स्नायू गेले की तोल जातो आणि तोल गेला की पुन्हा पडणे ठरलेले. पडण्याची भीती हेच पडण्याचे एक कारण आहे, असे तज्ज्ञ मानतात ते यामुळेच. म्हणजे 'पडशील, बसून राहा' हा सल्ला स्वतःच आजाराला आमंत्रण देणारा ठरतो.

धापेवाड्याच्या विठोबाला दरसाल पायी जाणारी, संत्र्याच्या बागेत उंचसखल वाफ्यांतून आयुष्यभर वावरलेली माणसे मुलाच्या फ्लॅटमध्ये आल्यावर वर्ष-दीड वर्षात अडखळू लागतात. दोष गुळगुळीत फरशीला दिला जातो. फरशीचा वाटा असतोच, पण पायांचे काम सुटल्याचा वाटाही विसरता येत नाही.

शरीराच्या आत

माणूस उभा राहतो तो डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायांची जाणीव या तिघांच्या भरवशावर. तिघांकडून आलेली खबर मेंदू क्षणात जुळवतो आणि स्नायूंना हुकूम देतो. वयानुसार यातील प्रत्येक दुवा थोडा मंदावतो. मधुमेहात तळपाय बधिर होतात. पायाखाली ओले आहे की कोरडे, हेही कळत नाही. मोतीबिंदूमुळे पायरीची कड धूसर होते. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील महिलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर केलेल्या गटात पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले. 'मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू' म्हणून वर्षानुवर्षे थांबणाऱ्यांनी याचा विचार करावा. जवळचे आणि दूरचे एकाच काचेत असलेला चष्माही जिन्यावर दगा देतो. खाली पाहताना नजर वाचनाच्या काचेतून जाते आणि पायरी पुसट दिसते. त्यामुळे जिना उतरताना आणि बाहेर चालताना फक्त दूरचा चष्मा बरा.

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे उठताच कमी होणारा रक्तदाब. झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते. तरुण शरीर रक्तवाहिन्या आकसून ते क्षणात सावरते, वृद्ध शरीराला उशीर लागतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असतील तर भर पडते. विदर्भाचा उन्हाळा हा यातला तिसरा भिडू. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत घामावाटे पाणी आणि मीठ जाते, म्हाताऱ्यांना तहानेची जाणीव कमी होते, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून बरेच जण संध्याकाळनंतर पाणी पिणेच बंद करतात. हिवाळ्यात ठरवून दिलेली औषधाची मात्रा मे महिन्यात जड ठरू शकते. ती स्वतःच्या मनाने कमी करू नये, पण उन्हाळा लागताच डॉक्टरांकडे हा विषय अवश्य काढावा.

तपासणी सोपी आहे. पाच मिनिटे आडवे पडल्यावर रक्तदाब मोजायचा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा वीस किंवा अधिक अंकांनी खाली आला तर दोष आहे. बसवून एकदाच रक्तदाब मोजण्याच्या प्रघातात तो कधीच उघडकीस येत नाही. अशा व्यक्तींनी उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसावे, पाय हलवावेत, मिनिटभराने उभे राहावे आणि उभे राहिल्यावर लगेच चालू लागू नये.

झोपेच्या गोळ्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. अनेक घरांत एका जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे त्या आणल्या जातात. त्यांचा अंमल पहाटेपर्यंत रेंगाळतो आणि पहाटेच लघवीला उठणे असते. या गोळ्या एकदम बंद करणेही धोक्याचे असल्याने त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात. औषधांची सारी पाकिटे, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून वर्षातून एकदा डॉक्टरांपुढे ओतावीत.

'ड' जीवनसत्त्वाची पुडी घेतली की पडणे टळते, असाही समज पसरला आहे. रक्तात कमतरता असेल तर उपचार हवाच. मात्र कमतरता नसलेल्या, घरी राहणाऱ्या वृद्धांनी निव्वळ पडणे टाळण्यासाठी ते घेऊ नये, अशी शिफारस अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयीच्या तज्ज्ञ गटाने २०१८ मध्ये केली आहे.

घराची पाहणी

आता घराकडे वळू. नवे घर बांधताना देवघराच्या दिशेवर चार बैठका होतात, पण न्हाणीघराच्या भिंतीला आधाराचा दांडा लावण्याचा विषय एकाही बैठकीत निघत नाही. जुन्या घरांतली मोरी खडबडीत दगडाची असे. तिच्या जागी चकचकीत टाइल्स आल्या, आणि त्यांवर साबणाचा थर बसला की पायाला पकड मिळत नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या फरशा बाजारात मिळतात. जुन्या बदलायच्या नसतील तर तळाशी चिकटून बसणारी रबरी चटई चालते. दांडा मात्र भिंतीत भोक पाडून, पक्क्या स्क्रूने बसवलेलाच हवा. टॉवेल अडकवायची नळी हा आधार नव्हे. घसरलेला माणूस तिलाच धरतो आणि ती भिंतीतून निखळून हातात येते. उकिडवे बसण्याच्या संडासात पुढे किंवा बाजूला दांडा असला की उठताना गुडघ्यांवरचा ताण निम्मा होतो. अंघोळीला उंच, रुंद पायांचा स्टूल ठेवावा. दाराला आतून कडी लावू नये, किंवा बाहेरून उघडता येईल अशी ठेवावी.

कूलरचा उल्लेख सुरुवातीला आला तो उगाच नव्हे. विदर्भात चार महिने प्रत्येक खोलीत पाणी आणि वीज एकत्र नांदतात. टाकीची गळती, पाणी भरायचा पाइप, बादली, पंपाची वायर या साऱ्यांचा मार्ग पलंग ते संडास या वाटेतून जाता कामा नये. ही वाट घरातली सर्वांत महत्त्वाची वाट समजावी. ती मोकळी, कोरडी आणि रात्रभर मंद उजेडात हवी. दिव्याचे बटण पलंगावरून हात पुरेल असे असावे. भारनियमनाची सवय असलेल्या घरांतून विजेरी गेली आणि तिची जागा मोबाइलने घेतली. पण अंधारात म्हाताऱ्या बोटांना मोबाइलचा दिवा सापडत नाही, विजेरी सापडते.

उंबरठा पाडायला कुणी तयार होणार नाही, आणि पाडावा असेही नाही. त्याच्या कडेला ठळक पिवळा किंवा पांढरा पट्टा ओढला तरी काम होते. जिन्याच्या प्रत्येक पायरीलाही तसाच. गच्चीवर झोपायची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे, पण कितीतरी घरांत गच्चीच्या जिन्याला कठडाच नसतो. झोपेतून उठून अंधारात तो जिना उतरणारे आजोबा हा खरा चिंतेचा विषय आहे. दाराशी पसरलेली पायपुसणी आणि दुमडलेल्या सतरंज्या एक तर काढाव्यात किंवा खाली चिकटवाव्यात. झिजलेली स्लीपर आणि हिवाळ्यात फरशीवर नुसते मोजे घालून फिरणे, दोन्ही सारखेच घातक. नऊवारी घोट्याच्या वर राही. आता घरात वापरले जाणारे लांब गाउन पायात येतात. सकाळचा सडा वाळेपर्यंत अंगणात वावरू नये, हे सुनांना सांगावे लागत नाही, सासवांना सांगावे लागते.

हा बारीकसारीक तपशील क्षुल्लक वाटेल. मात्र वैद्यकीय संशोधनाचा पडताळा घेणाऱ्या 'कोक्रेन' या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार घरातील असे धोके दूर केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटते, आणि आधी पडलेल्या किंवा अशक्त झालेल्या व्यक्तींमध्ये ३८ टक्क्यांनी.

ओट्याला धरून व्यायाम

घर सुधारून पाय सुधारत नाहीत. याच संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्यांचा विचार झाला होता. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. पण व्यायाम कोणता, हे महत्त्वाचे. नुसते फिरायला जाणे हृदयाला आणि मनाला चांगले असले तरी पडणे रोखायला तेवढे पुरत नाही. तोल आणि पायांची ताकद यांना आव्हान मिळायला हवे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात यासाठी एक घरगुती क्रम तयार झाला. त्याच्या चाचण्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले, आणि सर्वाधिक लाभ झाला तो ऐंशी ओलांडलेल्या, आधी पडलेल्या व्यक्तींना.

त्यातील बरेचसे प्रकार स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून करता येतात. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, मग चवडे उचलून टाचांवर. एक पाय बाजूला उचलणे. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांपुढे टेकवून दहा सेकंद उभे राहणे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास. सुरुवात दोन्ही हातांच्या आधाराने, नंतर एका हाताने, मग बोटांनी. आधी पडलेल्यांनी फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलेले बरे. दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो, पण सोडले की लाभही जातो.

आपले आईवडील कितपत स्थिर आहेत हे जाणून घ्यायचे असेल तर दिवाळीला घरी गेल्यावर एक साधी चाचणी करून पाहावी. खुर्चीवरून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. नेहमीच्या चालीने, काठी असेल तर काठीसह. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर डॉक्टरांना दाखवावे. शेजारी उभे राहावे, आणि परीक्षा घेतल्याचा आव आणू नये.

पडल्यानंतर

धावत जाऊन बगलेत हात घालून उचलणे, ही सर्वत्र होणारी चूक. आधी तिथेच राहू द्यावे आणि कुठे दुखते ते विचारावे. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल आणि उभे राहता येत नसेल तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता दाट असते. अशा वेळी तेल चोळू नये, पाय ओढून बसवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावी, असे वैद्यकीय निकष सांगतात. 'या वयात कशाला ऑपरेशन' या विचारविनिमयात आठवडा जातो. तोवर न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या यांना वाट मिळते. शस्त्रक्रिया बहुतांशी रुग्णाला बसते-उठते करण्यासाठी असते. ती न करता अंथरुणावर ठेवणे हाच अनेकदा अधिक धोक्याचा पर्याय असतो. पैशांची अडचण असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले आहे. त्याचे कार्ड आधीच काढून ठेवावे. अपघातानंतर धावपळ करू नये.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वृद्धांच्या मेंदूभोवती रक्त हळूहळूही साठते. दोन-तीन आठवड्यांनी सुरू झालेली गुंगी, बडबड किंवा चालीतला बदल यांचे मूळ त्या विसरलेल्या पडण्यात असू शकते. डॉक्टरांना ते सांगायचे, तर घरच्यांना ते ठाऊक असायला हवे.

दुखापत नसेल तर आपले आपण उठता येते, पण त्याचेही तंत्र आहे आणि ते धडधाकट असतानाच शिकायचे असते. कुशीवर वळायचे, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचे, रांगत जवळच्या भक्कम खुर्चीशी जायचे, हात तिच्यावर टेकवून बळकट पाय पुढे रोवायचा आणि वळून बसायचे. जेवायला, पूजेला जमिनीवर बसणारी आपली पिढी हे रोज करत आली. खुर्ची-टेबल आल्यापासून तो सराव तुटला. गुडघे साथ देत असतील तर दिवसातून एकदा जमिनीवर बसून उठणे सोडू नये.

एकट्या राहणाऱ्यांनी मोबाइल उंच कपाटावर ठेवू नये. तो गळ्यात अडकवावा किंवा पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीवरून हात पोचेल असा असावा. शेजारच्या एका घरी किल्ली द्यावी आणि सकाळी ठरलेल्या वेळी दार उघडले नाही तर हाक मारायची, असे ठरवून घ्यावे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ चालते. सल्ला, योजनांची माहिती किंवा काठी-वॉकर यांसारख्या साधनांबाबत तेथे विचारता येते. रात्री दोन वाजता मात्र १०८ आणि शेजारी, हेच दोन आधार.